प्राजक्ताच्या फुलांचे शुभेच्छापत्र: कागदावर टाके आणि मणी

ज्यांना कापडावरचे भरतकाम येते त्यांना कागदावर टाके घालणे सहज जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण सुई तीच असते, दोराही तोच असतो आणि टाकेही ओळखीचेच असतात. फरक एका गोष्टीत आहे आणि तो फार मोठा आहे. कापडातून सुई बाहेर काढली की धागे पुन्हा जवळ येतात आणि छिद्र बुजते. कागदाला एकदा पडलेले छिद्र मात्र तसेच राहते. त्यामुळे टाका उसवून पुन्हा शेजारी घालण्याची सोय येथे नाही. या कामातील खरे कौशल्य शिवण्यात कमी आणि शिवण्यापूर्वी छिद्रे कोठे पाडायची हे ठरवण्यात जास्त आहे, म्हणून पुढे त्या भागावर मुद्दाम जास्त वेळ घालवला आहे.

नमुन्यासाठी प्राजक्त निवडला आहे. पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत हे फूल डोळ्यांसमोर असते, त्याच्या पांढऱ्या पाकळ्या सरळ टाक्यांनी उत्तम साधतात आणि मधला केशरी भाग व देठ जणू मण्यांसाठीच केलेले असतात. दसरा, दिवाळी किंवा शरद ऋतूतील वाढदिवस या निमित्तांना हे पत्र शोभते. मणी अगदी थोडे लागतात, हाही त्याचा गुण आहे. कागदावर मण्यांची दाटी झाली की पत्र उभे राहत नाही, वाकते, आणि पाहणाऱ्याला फुलाऐवजी केवळ चमक दिसते.

प्रथम कागदाविषयी. २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) जाडीचा, पृष्ठभाग चकचकीत नसलेला कार्डपेपर घ्यावा. २०० जीएसएमपेक्षा पातळ कागदाची छिद्रे दोरा ओढताना फाटतात, आणि ३५० च्या पुढचा कागद घडीवर तडकतो व त्यात सुई घालताना बोटे दुखतात. रंग गडद असावा, कारण पांढरी फुले पांढऱ्या कागदावर हरवतात. बाटलीसारखा गर्द हिरवा किंवा रात्रीचा निळा मला सर्वांत योग्य वाटतो. हातकागद मिळाला तर तो अवश्य वापरून पाहावा. पुण्यातील शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून असा कागद करत आली आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यातील तंतू लांब असल्यामुळे छिद्राची कड सहज चिरत नाही. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू मुख्यतः एका दिशेने बसलेले असतात, आणि घडी त्या दिशेला समांतर घातली तरच ती स्वच्छ पडते. दिशा ओळखण्यासाठी कागद न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, ती घडीची बाजू.

ए-फोर आकाराचा कागद, म्हणजे २१० × २९७ मिमी, मधोमध आडवा कापला की दोन तुकडे मिळतात. त्यातील एकाची घडी घातली की १०५ × १४८ मिमीचे पत्र तयार होते. बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे अशा कापणीत घडी आपोआप योग्य दिशेला येते. घडी घालण्यापूर्वी स्टीलच्या पट्टीच्या आधाराने, शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी आणि मगच कागद दुमडावा. उरलेल्या तुकड्यातून ९५ × १३८ मिमीचा आयत कापून घ्यावा. भरतकाम या आयतावर करायचे आहे, पत्रावर नव्हे. शेवटी तो पत्रावर चिकटवला की चारही बाजूंनी ५ मिमीची कड दिसते आणि टाक्यांची मागची बाजू पूर्ण झाकली जाते. ही युक्ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिक फ्रान्समधून घरी जी रेशमी पोस्टकार्डे पाठवत, त्यांतील भरतकामही वेगळ्या तलम रेशमी पट्टीवर केलेले असे आणि नंतर ती पट्टी कार्डाच्या चौकटीत बसवलेली असे. आयत आणि पत्र दोन वेगळ्या रंगांचे घेतले तर कड अधिक उठून दिसते. गर्द हिरव्या आयताखाली फिकट बदामी पत्र चांगले दिसते.

सामानासाठी मुंबईत दोन ठिकाणे पुरेशी आहेत. कागद, पट्ट्या, कटर आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळते. मणी, टिकल्या, जर आणि दोरे यांच्यासाठी भुलेश्वर. दोन्ही बाजार एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे एका सकाळीत खरेदी होते, मात्र बरीच दुकाने रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवावे. गिरगावात खाडिलकर मार्गावर लग्नपत्रिकांची दुकाने आहेत, तेथे चांगल्या जाडीची तयार पाकिटे पाहता येतात. इतक्या लांब जाणे शक्य नसेल तर दादर पश्चिमेलाही बहुतेक गोष्टी मिळतात.

मण्यांचे आकार क्रमांकाने ओळखले जातात आणि क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान असतो. येथे ११ क्रमांकाचे केशरी काचेचे मणी हवेत, जे साधारण २ मिमी रुंद असतात. त्यांच्याबरोबर ६ मिमी व्यासाच्या, मध्यभागी छिद्र असलेल्या सपाट केशरी टिकल्या आणि ६ मिमी लांबीचे केशरी नळीसारखे मणी घ्यावेत. दुकानात त्यांना पाईप म्हणतात. जपानी मणी आकाराने जवळजवळ एकसारखे असतात आणि महागही असतात. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगरसारख्या ठिकाणी होणारे आपल्याकडचे काचेचे मणी थोडे कमी-जास्त असतात, परंतु या नमुन्याला ते पूर्ण चालतात. फक्त वापरण्यापूर्वी वेडेवाकडे मणी निवडून बाजूला काढावेत. प्लॅस्टिकचे मणी हलके असले तरी त्यांचा रंग लवकर उडतो, म्हणून मी ते सुचवणार नाही. विकत घेतलेल्या मण्यांतील दोन-चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात घेऊन चोळून पाहावेत. रंग सुटला तर ते मणी या कामाला घेऊ नयेत, कारण मुंबईच्या दमट हवेत आणि घामट बोटांखाली तो रंग पांढऱ्या पाकळ्यांना लागल्याशिवाय राहत नाही.

दोऱ्यांमध्ये भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा पांढऱ्या, पोपटी आणि तपकिरी रंगांत हवा. त्याचे दोनच पदर एका वेळी सुईत घ्यायचे. मण्यांसाठी बारीक पण मजबूत पॉलिएस्टर दोरा घ्यावा. सुया दोन लागतात: भरतकामाची एक, आणि मणी ओवण्याची १० क्रमांकाची एक लांब व बारीक. छिद्रे पाडण्यासाठी बुचात किंवा खोडरबरात घट्ट खोचलेली एक सुई पुरते, पण ती भरतकामाच्या सुईइतकीच जाड असावी. खाली ठेवायला जुन्या योगा मॅटचा तुकडा उत्तम. थर्माकोलचे कण छिद्रांत अडकतात, म्हणून ते टाळावे.

आता नक्षी. ती थेट कार्डावर न काढता बटर पेपरवर काढावी, म्हणजे गडद कागदावर पेन्सिल दिसत नाही ही अडचणही उरत नाही. एक उमललेले फूल असे आखावे. कर्कटकाने एकाच मध्यबिंदूभोवती ३, ९ आणि १० मिमी त्रिज्येची तीन वर्तुळे काढावीत. सर्वांत लहान वर्तुळ काढताना कर्कटकात जे अंतर घेतले होते तेच कायम ठेवून त्या वर्तुळाच्या परिघावर ओळीने खुणा करत गेले की बरोबर सहा खुणा पडतात आणि त्या एकमेकींपासून ३ मिमीवर येतात. या सहा पाकळ्यांच्या सुरुवाती. प्राजक्ताला पाच ते आठ पाकळ्या असतात, त्यामुळे सहा पाकळ्यांत काही चुकीचे नाही, आणि आखणी मात्र फार सोपी होते. मध्यबिंदूपासून प्रत्येक खुणेतून जाणारी रेषा पुढे नेऊन ती ९ मिमीच्या वर्तुळाला जेथे मिळते तेथे एक ठिपका द्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे अडीच मिमी अंतरावर, पण १० मिमीच्या वर्तुळावर, आणखी दोन ठिपके द्यावेत. मधला ठिपका किंचित आत असल्यामुळे प्राजक्ताच्या पाकळीच्या टोकाला असणारी खाच आपोआप तयार होते. अशा प्रकारे एका फुलाला आतले सहा, बाहेरचे अठरा आणि मधोमध एक अशी २५ छिद्रे होतात.

सर्व पाकळ्या मधल्या एकाच छिद्रातून काढण्याचा मोह टाळावा. कापडावर ते चालते; कागदावर अठरा वेळा दोरा गेलेले छिद्र फाटून तेथे भोक पडते. दोन छिद्रांमधील अंतर २ मिमीपेक्षा कमी कधीही करू नये आणि कागदाच्या कडेपासून निदान १० मिमी जागा सोडावी, हे दोन नियम कोणत्याही नमुन्याला लागू आहेत.

आयताच्या वरच्या उजव्या कोपऱ्याजवळून तिरकी खाली येणारी एक डहाळी काढावी, तिच्यावर दोन टोकदार पाने, आणि खालच्या अर्ध्या भागात गळून पडल्यासारखी तीन उमललेली फुले व दोन आडवी पडलेली फुले. आडव्या फुलाचा केशरी देठ दिसतो, त्याची आखणी मणी ओवतानाच्या सूचनेत येईल. डहाळी आणि पानांच्या कडांवर ४ मिमीच्या अंतराने ठिपके द्यावेत, वळणावर ते ३ मिमीवर आणावेत. फुले एका रांगेत किंवा समान अंतरावर ठेवू नयेत. झाडाखालचा सडा कधीच तसा पडत नाही.

बटर पेपर आयतावर ठेवून दोन्ही मास्किंग टेपने घट्ट धरावेत, पंखा बंद करावा आणि प्रत्येक ठिपक्यावर सुई सरळ उभी धरून छिद्र पाडावे. सुई तिरकी गेली तर समोरून छिद्र जागेवर दिसते, पण मागे ते सरकलेले असते आणि टाका वाकडा बसतो. छिद्रे समोरच्या बाजूनेच पाडावीत, म्हणजे कागदाचा उचललेला काठ मागे जातो. आतल्या सहा छिद्रांतून दोरा प्रत्येकी तीनदा जाणार असल्यामुळे ती छिद्रे सुई जरा फिरवून किंचित मोठी करावीत. टेप काढण्यापूर्वी कागद खिडकीसमोर धरून पाहावा. राहून गेलेले छिद्र प्रकाशात लगेच कळते, आणि नक्षी हलली की ते पुन्हा नेमक्या जागी पाडणे जवळजवळ अशक्य असते. मुंबईतील जरीचे कारागीरही अशीच टोचलेली नक्षी वापरतात, परंतु ते तिच्यावरून नीळ किंवा पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवून फिरवतात. साडीवरचे रॉकेल उडून जाते. कागदावर त्याचा तेलकट डाग उरू शकतो, म्हणून येथे ती पद्धत आणू नये.

टाके घालताना सुरुवात डहाळी आणि पानांपासून करावी. दोन्हींसाठी उलटी टीप, म्हणजे बॅकस्टिच, योग्य आहे: सुई एक छिद्र पुढे वर काढायची आणि मागच्या छिद्रात खाली घालायची. दोऱ्याला गाठ मारू नये. गाठ कागदाखाली उंचवटा करते आणि जोर लागला तर छिद्रातून वर येते. त्याऐवजी दोऱ्याचे टोक मागे पारदर्शक टेपच्या बारीक तुकड्याने चिकटवावे आणि शेवटचे टोक मागच्या टाक्यांखालून दोन-तीनदा ओवून कापावे. दोरा नेहमी कागदाला काटकोनात ओढावा. तिरका ओढलेला दोरा बारीक करवतीसारखा छिद्राची कड कापत जातो, आणि या कामात कागद फाटण्याचे हेच सर्वांत मोठे कारण असते. टाका कागदावर टेकला की थांबावे. कापडावर आपण जो शेवटचा हलका ताण देतो, तो येथे नको.

पाकळ्यांसाठी पांढऱ्या दोऱ्याचे दोन पदर, सुमारे ४५ सेंमी लांब घ्यावेत. एका फुलाला एवढा दोरा पुरतो. सुई बाहेरच्या छिद्रातून वर काढून आतल्या छिद्रात खाली घालावी आणि असे तीन टाके झाले की एक पाकळी पूर्ण होते. आधी दोन कडेचे टाके आणि शेवटी मधला, हा क्रम ठेवावा, म्हणजे मधला टाका दोघांच्या वर बसतो आणि पाकळीला किंचित फुगीरपणा येतो. दोऱ्याचे दोन पदर एकमेकांत पिळले गेले तर पाकळी बारीक दिसते, त्यामुळे दर काही टाक्यांनंतर सुई सोडून दोरा लोंबू द्यावा. पीळ आपोआप उलगडतो. पांढऱ्या दोऱ्याला हाताचा मळ लगेच दिसतो, म्हणून फुले शिवण्याआधी हात धुऊन कोरडे करावेत.

मणी सर्वांत शेवटी लावावेत, नाही तर भरतकामाचा दोरा त्यांच्यात सतत अडकतो. एका स्टीलच्या ताटात सुती रुमाल पसरून त्यावर थोडे थोडे मणी काढावेत; रुमालावर ते घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाने उचलता येतात. मण्यांच्या दोऱ्याला नुसती टेप पुरत नाही. मागच्या बाजूला दोन-तीन टाक्यांखालून सुई नेऊन तेथेच एक फास गाठ घालावी आणि मग काम सुरू करावे.

उमललेल्या फुलाच्या मध्यबिंदूतून सुई वर काढावी, तिच्यात आधी टिकली आणि मग एक केशरी मणी ओवावा, आणि मणी वगळून सुई पुन्हा टिकलीच्या छिद्रातून त्याच मध्यबिंदूत खाली न्यावी. मणी टिकलीला धरून ठेवतो आणि ६ मिमीची टिकली पाकळ्यांच्या मुळाशी असलेल्या सहाही छिद्रांपर्यंत पोहोचते. हाच टाका आणखी एकदा घालावा. सगळा मध्यभाग एकाच छिद्रावर उभा राहतो, हा या मांडणीचा मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

आडव्या फुलाचा देठ नळी मण्याने करायचा असतो. अशा मण्यांच्या कापलेल्या कडा धारदार असतात आणि त्या हळूहळू दोरा कापतात, म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी हवाच. गोल, नळी, गोल असे तीन मणी दोऱ्यात ओवून पट्टीशेजारी ठेवावेत आणि त्यांची एकूण लांबी मोजावी; ती साधारण १० मिमी भरते. नेमक्या तेवढ्याच अंतरावर दोन छिद्रे पाडावीत. अंतर कमी पडले तर देठ कमानीसारखा वर उचलला जातो, जास्त झाले तर दोरा उघडा दिसतो. देठाच्या एका टोकाला ३ मिमीच्या अंतराने तीन छिद्रे आणि त्यांच्यापुढे पंख्यासारखी पसरणारी बाहेरची छिद्रे पाडून दोन-दोन टाक्यांच्या तीन पाकळ्या घालाव्यात. ही छिद्रे इतरांबरोबर आधीच पाडायची असल्यामुळे मणी खरेदी करून मोजल्याशिवाय नक्षी अंतिम करू नये.

एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा ओढत नेऊ नये. प्रत्येक ठिकाणी दोरा सुरू करून तेथेच संपवावा; काम थोडे वाढते, परंतु एखादा दोरा तुटला तर एकच फूल सैल होते.

शुभेच्छांचा मजकूर आयत चिकटवण्यापूर्वी लिहून घ्यावा, कारण मणी लागल्यावर पत्र टेबलावर सपाट बसत नाही आणि अक्षर हलते. चिकटवण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चारही कडांना आणि टाके नसलेल्या मोकळ्या जागी लावावी. पांढऱ्या गममधील पाणी कागद शोषतो, फुगतो आणि सुकताना पत्र वाकते. ज्यांना गमच वापरायचा असेल त्यांनी तो अगदी पातळ लावून पत्र जाड पुस्तकाखाली न ठेवता फक्त कडांवर वजन द्यावे, म्हणजे मणी चेपणार नाहीत.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांनी कागद आधीपासून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जून ते सप्टेंबर येथील हवेत कागद मऊ पडतो, छिद्रांच्या कडा उसवतात आणि तयार पत्रांवर बुरशीचे ठिपके येतात. सोनेरी जर किंवा धातूच्या टिकल्या वापरायच्या असतील तर त्या याच काळात काळ्या पडतात, म्हणून दिवाळीची पत्रे शक्यतो ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर करावीत. लहान मुलांना सोबत घ्यायचे असेल तर त्यांच्यासाठी मोठी छिद्रे, लोकर आणि बोथट सुई द्यावी. अगदी लहान मुलांच्या हाती मणी देऊ नयेत, ते तोंडात जातात.

या पत्राला १०५ × १४८ मिमीच्या साध्या पत्राचे पाकीट पुरत नाही, मण्यांच्या उंचीमुळे ते ताणले जाते. पाकीट निदान एक सेंटिमीटर मोठे घ्यावे. टपालाने पाठवताना पत्राच्या मापाचा फोमचा तुकडा घेऊन त्यात फुलांच्या जागी खाचा कापाव्यात आणि तो भरतकामावर ठेवावा, म्हणजे दाब मण्यांवर न येता फोमवर येतो. मागे एक जाड पुठ्ठा ठेवून हे सर्व बबल शीट असलेल्या पाकिटात घालावे, आणि ते पत्रपेटीत न टाकता टपाल कार्यालयाच्या खिडकीवर वजन करून द्यावे, कारण साध्या पत्राचे तिकीट त्याला पुरत नाही.